पौषातली निसर्गचित्रे : शहापूर, म्हसा आणि येऊर

ठाण्यात जलरंगात काम करणाऱ्यांना वर्षातला सर्वांत सोयीचा काळ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण मार्गशीर्ष-पौषाचे नाव घेतील. पावसाळ्यात कागद उघड्यावर काढता येत नाही आणि वैशाखात रंगाचा हात कागदावर पसरण्याआधीच वाळून जातो. पौषात मात्र ऊन तिरपे असते, सावल्या लांब पडतात, हवेत धुरकटपणा असतो आणि त्यामुळे दूरचे डोंगर आपोआप निळसर होऊन मागे सरकतात. ज्यांच्याकडे मी चित्रकला शिकले ते आमचे सर निवृत्तीनंतरही दरवर्षी या दिवसांत जिल्ह्याच्या ग्रामीण भागात भटकतात. यंदा मीही त्यांच्याबरोबर गेले. पौष पौर्णिमा शनिवारी येत होती, त्यामुळे मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा मध्ये धरून मार्ग आखला. निघताना सरांनी एक अट मात्र घातली होती : जे चित्र काढायचे त्यातली प्रत्येक गोष्ट तिथे कशी आली, हे कुणाला तरी विचारल्याशिवाय कागदाला पाणी लावायचे नाही.

गुरुवार : आसनगाव आणि माहुलीचा पायथा

पहाटेच्या कसारा लोकलने आसनगावला उतरलो तेव्हा फलाटावरच्या बाकांना हात लावला तरी पाणी लागावे इतके दहिवर पडले होते. नव्या वर्षाचा पहिला दिवस असल्यामुळे माहुली किल्ल्याच्या रस्त्यावरच्या फार्महाऊसच्या फाटकांबाहेर आदल्या रात्रीच्या बाटल्यांचा आणि कागदी ताटांचा खच पडला होता. एका फाटकापाशी टोपरे बांधून शेकोटी करीत बसलेल्या पहारेकऱ्याला आम्ही वाट विचारली. तो बोलका निघाला. फाटकाच्या आतली जमीन पूर्वी त्याच्याच घराण्याची होती, ती आजोबांच्या हिश्श्यांमध्ये विकली गेली आणि आता तो तिथेच महिना पगारावर आहे, हे त्याने कुठलाही कढ न आणता सांगितले. बोलताना मात्र तो त्या जागेला ‘आमचं भाटलं’ असेच म्हणत होता.

पायथ्याच्या गावात सरांच्या ओळखीचे एक कुणबी कुटुंब आहे. त्यांच्या पडवीत पिशव्या ठेवून आम्ही शेताकडे गेलो. भात कापून झालेली खाचरे, त्यांचे बांध, मधून मधून पेंढ्याच्या उडव्या, ओल टिकून असलेल्या तुकड्यांत वाल आणि हरभरा, मागे सागाची तपकिरी झालेली पाने आणि सर्वांत मागे माहुलीचे सुळके, असा तो देखावा होता. पळस फुलायला अजून महिनाभर तरी अवकाश होता, त्यामुळे डोळ्यांत भरेल असा एकही भडक रंग नव्हता. येलो ओकर, बर्न्ट सिएना हे मातकट रंग आणि थोडा अल्ट्रामरीन निळा एवढ्यावर सारे चित्र निघाले असते.

सरांची अट आठवून मी घरमालकांना, म्हणजे दादांना, बांधावरच्या झाडांबद्दल विचारले. ती सगळी ऐनाची झाडे फांद्या तोडून नुसत्या खांबांसारखी उभी होती आणि प्रत्येकाच्या टोकाला पानांचा एक लहानसा झुबका तेवढा राहिला होता. ठाणे जिल्ह्याची हिवाळी निसर्गचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा आकार ओळखीचा असेल. मी तो वर्षानुवर्षे ऐनाचा स्वभाव म्हणून काढत आले. दादांनी सांगितले की हे सगळे राबासाठी आहे. थंडीत ऐनाचा, किंजळाचा टहाळ तोडून तो वाळवतात, नंतर रोपे करायच्या जागेवर शेण, टहाळ, गवत आणि वरून मातीचा थर असे रचून उन्हाळ्यात भाजतात. त्याने तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते आणि पहिल्या पावसाला रोप जोमाने येते. झाडावर चढून कोयत्याने फांद्या उतरवणे हे जोखमीचे काम आहे. दादांच्या डाव्या पायाला जो किंचित लंगडेपणा आहे तो अशाच एका ऐनावरून पडल्याचा आहे.

या टहाळावरून एके काळी सरकार आणि रयत यांच्यात मोठा तंटा झाला होता. इंग्रजी अमदानीत वनखात्याने जंगले राखीव केली आणि राबासाठी झाडे छाटण्यावर बंधने आली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतून इतकी गाऱ्हाणी गेली की १८८५ साली त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. एखाद्या झाडाचा आकार कुणी ठरवायचा, हा एवढा मोठा राजकीय प्रश्न होऊ शकतो हे चित्रकाराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर मी त्या झाडांकडे पाहिले तेव्हा प्रत्येक खांबावर वेगवेगळ्या वर्षांच्या घावांच्या गाठी दिसू लागल्या. जुन्या गाठी करड्या होत्या, या हंगामातल्या लालसर होत्या आणि त्यांतून अजून चीक येत होता.

दुपारी खाचराच्या एका कोपऱ्यात एक कातकरी बाई आणि तिच्या दोन मुली बांधाच्या कडेने उंदरांची बिळे उकरत होत्या. कापणी संपल्यावर शेतात गळून राहिलेला सरवा वेचणे आणि उंदरांनी बिळात साठवलेल्या लोंब्या काढणे, ही त्यांची जुनी रीत आहे. एका बिळातून मुठी दोन मुठी भात निघाले की ते सुपात घ्यायचे आणि पुढच्या बिळाकडे सरकायचे, असे चालले होते. सरांना साहजिकच फ्रेंच चित्रकार मिले आठवला. नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या झां-फ्रांस्वा मिलेने १८५७ साली सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. त्या चित्रात मागे धान्याच्या गंजी रचल्या जात आहेत, घोड्यावर बसलेला मुकादम आहे आणि पुढे या तिघी कंबरेतून वाकलेल्या आहेत. पॅरिसच्या प्रतिष्ठित रसिकांना ते चित्र खटकले, कारण गरिबाला एवढ्या मोठ्या आकारात आणि एवढ्या गांभीर्याने पाहण्याची त्यांना सवय नव्हती. आपल्याकडे निराळीच अडचण आहे, असे मला वाटते. आपल्या निसर्गचित्रांत माणूस असतो, पण बहुधा तो उंचीचे प्रमाण कळावे म्हणून टाकलेला लाल पागोट्याचा ठिपका असतो. ठिपक्याला जात नसते, गाव नसते आणि हातात काही काम असलेच तर ते कोणते हे कळत नाही.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. वाल त्याच खाचरातले होते आणि वहिनींनी ते मोड काढून, एकेक सोलून केले होते. एवढ्या माणसांसाठी बिरडे सोलायचे म्हणजे किती वेळ जातो, हे ज्याने सोलले आहे त्यालाच ठाऊक. जेवणानंतर अंगणात शेकोटीभोवती बसलो असता सरांनी फोनवर फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेलचे १५६५ सालचे ‘बर्फातले शिकारी’ दादांना दाखवले. अँटवर्पच्या एका धनाढ्य व्यापाऱ्यासाठी वर्षातल्या ऋतूंची जी चित्रमाला ब्रॉयगेलने रंगवली, तिच्यातले हे हिवाळ्याचे चित्र. ते आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. युरोपातल्या बर्फाच्या निसर्गचित्रांची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. दादांनी चित्र बोटांनी मोठे करून बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “एवढी कुत्री नेली, आन आणलंन काय तर एकच कोल्हा.” हे अगदी खरे आहे. त्या शिकाऱ्याच्या भाल्याला एकच बारकासा कोल्हा लटकतो आहे आणि कुत्री माना खाली घालून चालली आहेत. आम्ही इतकी वर्षे त्या चित्रात गोठलेल्या तळ्याचा हिरवट रंग आणि तिरप्या ओळीत उभी राहिलेली झाडे वाखाणत आलो. दादांनी आधी दिवसाची कमाई मोजली. मग डावीकडे खानावळीपुढे पेटलेल्या आगीवर त्यांचे बोट थांबले. तिथे डुकराची कातडी भाजण्याचे काम चालले आहे, हे सरांनी सांगितल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली.

जाणाऱ्यांसाठी थोडे : कसारा लोकल तासाला फार नाहीत, तेव्हा परतीच्या वेळा आधीच पाहून ठेवाव्यात. स्टेशनबाहेर माहुलीच्या पायथ्यापर्यंत रिक्षा मिळतात. सकाळी नऊच्या आत चित्र करणार असाल तर दहिवरामुळे कागद फार हळू वाळतो हे लक्षात ठेवावे. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये थांबायची तयारी हवी, नाहीतर जाड कागद आणि कमी पाणी एवढाच उपाय आहे. वाल-हरभऱ्यात पाय टाकू नयेत. रिकामी खाचरेही कुणाच्या तरी मालकीची असतात, म्हणून बसण्यापूर्वी विचारावे. आम्हाला कुणीही नाही म्हटले नाही.

शुक्रवार : वासिंदजवळची वीटभट्टी

ज्या निळसर धुराच्या पट्ट्यामुळे पौषातली सकाळ इतकी चित्रमय होते, तो पट्टा कुठून येतो हे शुक्रवारी कळले. वासिंदच्या अलीकडे भातसा नदीच्या बाजूला वीटभट्ट्यांची रांग आहे. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते, वर मात्र तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. भट्टीचा धूर त्या थराला जाऊन अडतो आणि तसाच आडवा पसरतो. सकाळी त्याच्या वर झाडांचे शेंडे आणि खाली शेते दिसतात. चित्रकलेच्या वर्गात आम्हाला हा पट्टा ‘वातावरण’ म्हणून शिकवला गेला. त्यात चुलींचाही धूर असतो हे खरे, पण या बाजूला मोठा वाटा भट्ट्यांचा आहे.

ओळखीतून भट्टीच्या मालकाची परवानगी आधीच घेतली होती. पहाटे साडेपाचला पोहोचलो तेव्हा काम सुरू होऊन बराच वेळ झाला होता. रात्रीच भिजवून तुडवलेल्या मातीचा ढीग, त्याच्या शेजारी ओणवा बसून विटा पाडणारा माणूस, मातीचे गोळे आणून देणारी त्याची बायको आणि आदल्या दिवशीच्या अर्धवट सुकलेल्या विटा एका कडेवर उभ्या करीत जाणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा, अशी एकेका कुटुंबाची मांडणी होती. साच्यात आधी बारीक रेती भुरभुरायची, गोळा दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलून आपटायचा, वरची माती हाताने निपटायची आणि साचा उलटा करून अलगद उचलायचा. मागे राहिलेल्या विटेच्या कडा इतक्या धारदार होत्या की त्यांवर पहिले ऊन पडले तेव्हा प्रत्येक विटेला एक पांढरी रेघ आणि एक जांभळी सावली मिळाली. मी त्या माणसाचे हात काढायचा प्रयत्न केला. बोटांच्या पेरांवरची कातडी रेतीने झिजून गुळगुळीत झाली होती आणि थंडीने तिला भेगा पडल्या होत्या.

ही कुटुंबे बहुतेक कातकरी, जव्हार-मोखाड्याकडची. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन इथे यायचे, दर आठवड्याला खर्ची घ्यायची, हजार विटांमागे ठरलेल्या दराने हंगामाच्या शेवटी हिशेब करायचा आणि उचल फिटली नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर यायचे, हा क्रम आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे, परंतु फेडता न येणारी उचल माणसाला कुठे नेऊन ठेवते हे समजायला कायदा वाचावा लागत नाही. गाव कोणते, असे मी त्या बाईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “पाऊस असंल तवा तिकडं. आता इथंच.” तिची झोपडी विटांच्याच सुक्या रचाईची होती, वर पेंढा आणि ताडपत्री. ज्यांच्या विटांनी ठाण्या-कल्याणात इमले उभे राहतात त्यांच्या झोपडीत एकही भाजलेली वीट नव्हती. सगळ्या कच्च्याच होत्या, कारण हंगाम संपला की त्या परत द्यायच्या असतात.

सरांनी लांबच्या बांधावरून भट्टी आणि धूर रंगवायला घेतला. थोड्या वेळाने भट्टीवर तूस आणि कोळसा टाकणारा एक जण मागे येऊन उभा राहिला. चित्र बघून त्याने विचारले, “हा धूर पांढरा का काढलाव? ही भट्टी लावून चार दिस झालं.” मग त्याने समजावले. भट्टी नुकती पेटली की आधी विटांतले पाणी निघते आणि धूर पांढरा, जड, ओलसर येतो. पाणी संपून कोळसा नीट धरला की तो निळा आणि पातळ होतो. धुराच्या रंगावरून आग कुठवर चढली आहे हे तो शेजारच्या भट्टीवरूनही सांगू शकत होता, आणि समोरच्या दोन्ही भट्ट्यांबाबत त्याने ते सांगितलेही. सरांनी जाता जाता कोबाल्ट निळ्याचा एक पातळ हात धुरावर फिरवला. तो बरोबर बसला की नाही याचा निकाल त्यांनी त्याच माणसाकडून घेतला.

मुलाच्या हातात विटा असलेले एक रेखाटन मी केले होते. ते मी कुठे लावणार नाही. त्या वयाच्या मुलाने जिथे असायला हवे ती जागा भट्टी नाही, आणि त्याचे सुंदर चित्र झाले म्हणून त्यात काही बदलत नाही.

इथे जाण्याबद्दल सांगायचे तर मालकाला न विचारता भट्टीवर शिरू नये, कारण मागून त्रास मजुरांनाच होतो. मुलांचे फोटो काढू नयेत. खाऊ वाटत सुटण्यापेक्षा ज्यांचे चित्र काढले त्यांना ते दाखवावे. सगळे जण काम न थांबवता, मान वळवून का होईना, आवर्जून पाहतात. बसायला जाड गोणपाट न्यावे आणि प्यायचे पाणी आपले आपण न्यावे. तानसा धरणाची योजना १८९२ सालापासून मुंबईला पाणी पाजते आहे आणि तिच्या नळवाहिन्या याच जिल्ह्यातून शहराकडे जातात. तरी शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. असे असताना त्यांच्या हंड्यातले पाणी ब्रश धुवायला मागणे बरे दिसत नाही.

परतताना वाटेत समृद्धी महामार्गाचे उंच खांब लागले. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. खांबांच्या खालीच भाताची खाचरे आहेत. खांब चित्रात घ्यायचे की वगळायचे, यावर आमच्यात कल्याण येईपर्यंत वाद चालला. सरांचा कल वगळण्याकडे होता. मी ते घेतले आहेत.

शनिवार : म्हशाची यात्रा

कल्याणहून मुरबाडपर्यंत एसटी आणि तिथून यात्रेच्या जादा गाडीतून उभ्याने, असा प्रवास झाला. त्याबद्दल एवढेच पुरे. म्हसा गावात खांबलिंगेश्वराचे देऊळ आहे आणि पौष पौर्णिमेपासून तिथे जी यात्रा भरते ती मुख्यतः बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. मुरबाड, शहापूर, कर्जत इकडचेच नव्हे तर घाटावरचेही शेतकरी इथे येतात. माळावर उतरताच धुळीचा एक सोनेरी थर कमरेएवढ्या उंचीवर तरंगताना दिसला. त्यातून बैलांच्या पाठी, शिंगे आणि माणसांची मुंडाशी वर आलेली होती आणि पाय कुणाचेच दिसत नव्हते. जलरंगासाठी याहून चांगला विषय मिळणे कठीण, पण उभे राहायला जागा नव्हती, म्हणून मी दिवसभर पेन्सिलच चालवली.

डांगी बैल प्रथमच इतक्या जवळून आणि इतक्या संख्येने पाहिले. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे किंवा ठिपके, खूर काळे आणि टणक. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात चिखलणी करण्यासाठी हीच जात टिकते, कारण तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि अंगावर पाणी ठरत नाही. एका वृद्ध ठाकर शेतकऱ्याने माझा हात धरून बैलाच्या वशिंडामागे टेकवला आणि मग माझी बोटे मलाच एकमेकांवर चोळायला लावली. ती खरोखरच तेलकट लागत होती. रंगवताना या जातीच्या पाठीवर जी चकाकी येते तिचे कारण असे बोटांना कळले. बैलाच्या किमतीची घासाघीस रुमालाखाली बोटे दाबून होत होती. बघ्यांना दोघांच्या चेहऱ्यांवरून अंदाज करावा लागे, आणि चेहरे काहीच सांगत नव्हते.

बैलांची संख्या पूर्वीपेक्षा बरीच घटली आहे, असे जो तो सांगत होता. लहान खाचरांतही आता पॉवर टिलर फिरतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता दिल्यापासून चपळ खोंडांना मात्र भाव आला आहे. म्हणजे नांगराचा बैल मागे पडला आणि पळणारा पुढे गेला. बाजाराच्या एका टोकाला घोंगड्या विकणारे धनगर बसले होते, त्यांच्या पलीकडे कोयते, विळे, पारळ्या मांडलेले लोहार. शहापूरच्या दादांनी ज्या घाटाच्या कोयत्याने टहाळ तोडला असेल तसाच एक मी हातात घेऊन पाहिला. तो माझ्या अंदाजाहून खूप जड होता. लोहाराने तो परत घेतला, धार अंगठ्याच्या नखावर तपासली आणि म्हणाला, “ताई, हा घरात ठेवायचा नाय, वापरायचा हाय.”

जेवण म्हणजे गरम भजी, जिलेबी आणि पुन्हा भजी. संध्याकाळी पूर्ण चंद्र वर आला तेव्हा थंडी एकदम उतरली. गाड्यांच्या जुवांना बांधलेल्या बैलांपुढे शेकोट्या पेटल्या आणि माणसे त्याच घोंगड्यांत गुरफटून गाड्यांखाली आडवी झाली. सर या वयातही रात्री दहापर्यंत चंद्रप्रकाशात, रंग नीट न दिसता, ब्रश चालवत होते. सकाळी पाहिले तर आकाश गर्द हिरवे झालेले. ते तसेच ठेवायचे त्यांनी ठरवले आहे.

यात्रेला जायचे असेल तर पौर्णिमेच्या दिवशीच जावे, कारण पुढे पुढे बैलांपेक्षा पाळणे आणि दुकाने वाढतात. नाकातोंडावर रुमाल लागतोच. परतीच्या शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये.

रविवार : येऊर

मुरबाडहून पहाटेच निघून दुपारी येऊरला पोहोचलो. येऊर ठाणे शहराच्या हद्दीत आहे, म्हणून त्याला कुणी गाव म्हणून मोजत नाही, पण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला असलेल्या या डोंगरावर वारल्यांचे जुने पाडे आहेत. त्यांतल्या एका घरी आम्हाला जायचे होते. घरातली बाई सकाळी एका बंगल्यावर धुणी-भांडी करते आणि दुपारनंतर कापडावर, कागदावर वारली चित्रे काढते. तिचे घर आता सिमेंटचे आहे. तरी ओटीची एक भिंत तिने शेण आणि गेरूने सारवून मुद्दाम राखली आहे, आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने काढलेले अर्धे चित्र होते. बाकी अर्धे रोजचे काम उरकल्यावर, जमेल तसे, होत राहते.

वारली चित्रांची मुळे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चौकात आहेत. पालघट देवीचा चौक सवाशिणींनी काढायचा, गाणी म्हणत काढायचा आणि सोहळा संपला की त्याच्याकडे पुन्हा फारसे कुणी पाहायचे नाही. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे बाहेरच्या जगापुढे आणली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर आणि कापडावर रंगवू लागले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि बायकांची विद्या पुरुषांच्या नावावर जगभर गेली. हे शेवटचे वाक्य माझे नाही, त्या बाईचे आहे. ते तिने हसत हसत सांगितले, आणि पुढे असेही म्हणाली की त्यांच्यामुळेच तिच्या चित्राला आज पैसा मिळतो.

भिंतीवरचे चित्र याच दिवसांचे होते. मधोमध खळे, भोवती बैल फिरताहेत, एक बाई सूप वर धरून वारवते आहे, कडेला भाताच्या कणगीला मुंग्यांची रांग लागली आहे, खाली तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेटोळे घातलेला नाच. कुठेही क्षितिज नाही, दूर-जवळ नाही, सावली नाही. ज्यात कुणी काही करत नाही अशी बोटभरही जागा नाही. एका कोपऱ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली माणसांची ओळ होती. सर तिच्यापाशी बराच वेळ थांबले. मुंबईच्या तबेल्यांसाठी जंगलातले गवत कापून देण्याचे काम पूर्वी वारल्यांकडून कवडीमोलाने, कित्येकदा वेठीने करून घेतले जाई. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर वारली वेठीविरुद्ध उठले आणि त्या वर्षी गवतकापणीच्या दराचाही लढा झाला. बाईला हे सारे तिच्या आजीकडून ऐकून ठाऊक होते. तिने भारे मात्र त्यासाठी काढले नव्हते. “थंडीत गवत कापत्यात, म्हणून काढलं,” एवढेच ती म्हणाली.

मी विचारले, की चित्रात थंडी कशी दाखवतेस? त्यावर ती माझ्याकडे किंचित चमत्कारिक नजरेने बघत म्हणाली, “थंडी कशी काढणार? शेकोटी काढते.” आणि खरोखरच तारप्याच्या वेटोळ्याबाहेर चार रेघांची एक शेकोटी होती. तिच्यापाशी दोन म्हातारी माणसे हात पुढे करून बसली होती. त्यांचे धड इतरांसारखेच दोन त्रिकोणांचे, फक्त वरचा त्रिकोण आगीकडे झुकलेला. हा झुकाव साधण्यासाठी तिने बांबूची काडी एकदाच टेकवून, न उचलता रेघ ओढली होती. पीठ सुकल्यावर जिथे काडी थांबली तिथे बारीक फुगवटा राहिला होता.

मग आमची चित्रे तिने पाहायला मागितली. धूर तिला आवडला. बैलांची रेखाटने पाहताना तिने एकाचे वय बरोबर सांगितले. सरांच्या गुरुवारच्या चित्रावर, माहुलीच्या पायथ्याची खाचरे आणि मागे सुळके, ती थबकली आणि तिने विचारले, “भात झोडलंय, मग पेंढा कुणी नेला?” सरांनी उडव्या वगळल्या होत्या. पुढची जागा मोकळी राहिली की नजर थेट डोंगराकडे जाते, हे त्यांनी सांगितले. “मग गुरं काय खातील?” असे तिने विचारले आणि उत्तराची वाट न बघता चहा टाकायला आत गेली.

सरांचा पारदर्शक जलरंगाबाबतचा आग्रह जुना आहे. कागदाचा पांढरेपणा राखूनच उजेड दाखवायचा, वरून पांढरा रंग लावायचा नाही, असे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवले. उन्हात उजळलेली पेंढ्याची उडवी वाळलेल्या गडद रंगावर आता आणायची तर अपारदर्शक पांढऱ्याशिवाय इलाज नव्हता. तिच्या ओटीवर बसून त्यांनी माझ्या पेटीतली पांढऱ्याची ट्यूब मागून घेतली, तीत ओकर मिसळला आणि तीन उडव्या लावल्या. बाई चहा घेऊन आली तेव्हा तिने बोटाने चौथीची जागा दाखवली. ती सरांनी लावली नाही.

येऊरच्या फाटकावर वनखात्याची चौकी आहे. खासगी गाडी घेऊन जायचे असेल तर वेळा आणि नियम आधी विचारून घ्यावेत. ठाणे स्टेशनाहून बसही जाते आणि ती बरी पडते. वारली चित्र घ्यायचे असेल तर ते कुणी काढले, हे नाव विचारून घ्यावे आणि मागे लिहून घ्यावे. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी बाजारात छापील नक्षी उदंड आहे. भाव पाडू नये. राब भाजण्याचे दिवस होळीच्या पुढेमागे सुरू होतात. दादांनी तेव्हा यायला सांगितले आहे. त्या दिवसांत धूर पांढरा असतो की निळा, हे मी त्यांना फोनवर विचारले. ते म्हणाले, शेण ओले की सुके त्यावर आहे.